डॉजचे सहा प्लग

शिरूरच्या मोटारस्टँडवर सिद्दीकच्या हाताला सगळे भिऊन असत. माणूस काही दांडगा नव्हता. अंगानं किडकिडीत, मनगटावर शिरा उठलेल्या. पण राग आला की हात आधी उठायचा आणि विचार मागून यायचा, तोवर समोरचा खाली पडलेला असायचा. मग तोच त्याला उचलायचा, पाणी पाजायचा, कधी कधी रडायचासुद्धा. लोक म्हणायचे, मनानं वाईट नाही. मार खाल्लेले मात्र तसं म्हणत नसत.

साल एकोणसाठचं. त्याच्याकडं लष्कराच्या लिलावातली एक डॉज होती. लढाईत ती कुठं कुठं धावली ते अल्लालाच ठाऊक; मैलांचा काटा एकदा पुरा फिरून शून्यावर आला होता आणि दुसऱ्या फेरीत निम्म्यावर येऊन कायमचा थांबला होता. मागच्या हौद्यात सिद्दीकनं दोन लाकडी बाकं ठोकली होती, वर ताडपत्री बांधली होती. शिरूरहून रांजणगाव, शिक्रापूर करत पाबळपर्यंत माणसं न्यायची आणि आणायची, हा त्याचा धंदा.

त्याच रस्त्यावर रांजणगावचा हौसराव जीप चालवायचा. पंधरा दिवसांपूर्वी रांजणगावात त्यानं डॉजमध्ये बसलेली दोन माणसं हाताला धरून खाली उतरवली आणि आपल्या जीपमध्ये घातली. सिद्दीक खाली उतरला तो गाडी सुरू करायचं लोखंडी हँडल हातात घेऊनच. पहिला घाव हौसरावच्या मनगटावर बसला, दुसरा तोंडावर. पुढचे दोन दात मातीत पडले. हौसरावनं ते उचलले, धोतराच्या सोग्यात बांधले आणि एक शब्द न बोलता जीपमध्ये जाऊन बसला.

ते सिद्दीकच्या बायकोच्या, खुर्शिदच्या कानावर आलं. खुर्शिद दौंडची. तिचे वडील सुभानचाचा रेल्वेच्या लोको शेडमध्ये फिटर होते. घरात पाने, स्क्रू, वायसर यांतच ती वाढली होती. शिकलेली फारशी नव्हती, पण बोलायची नेमकं.

"शिव्या दिल्या असत्या तर मला भ्या वाटलं नसतं," ती म्हणाली. "गप गेला ना, म्हणून वाटतंय. तुम्ही जावा, स्टँडवरच्या आण्णांना मधी घाला, मिटवून टाका."

"मी त्याच्या पाया पडू?"

"पाया कशाला? नुसतं बोला."

सिद्दीकनं तिच्या कानाखाली वाजवली. तिचा कान दोन दिवस गुणगुणत राहिला. त्यानंतर तिनं तो विषय काढला नाही.

इकडं डॉजनंही मान टाकली होती. सहापैकी दोन सिलिंडर मध्येच मुके व्हायचे, चढाला गाडीला धाप लागायची, सायलेन्सरमधून बार निघायचे. प्लग संपले होते. ब्लेडनं काजळी खरवडून, पॉलिशपेपरनं घासून, टोकं हलकेच ठोकून जवळ आणून त्यानं ते तीन वेळा पुन्हा बसवले होते. आता घासायलाही काही उरलं नव्हतं. परदेशी माल त्या दिवसांत मिळत नव्हता. शेवटी पुण्याच्या एका ओळखीच्या मिस्त्रीनं सहा नवे प्लग धाडले, तेव्हा सिद्दीकला ईद आल्यासारखं झालं.

बुधवारी दिवस मावळायच्या आत त्यानं घरापुढं गाडी लावली आणि बॉनेट उघडलं. स्टँडवरचा त्याचा जोडीदार मल्हारी आलेला होता. मल्हारी धनगराचा; बापाची मेंढरं सोडून मोटारीच्या नादाला लागलेला, बोलायला सावकाश, हसायला पटकन. त्याची स्वतःची जुनी फोर्ड होती. हौसरावची बहीण बयाबाई ही मल्हारीची बायको, त्यामुळं त्या भांडणात त्याचं दोन्हीकडून मरण होतं. पण त्यानं सिद्दीककडं येणं सोडलं नव्हतं.

सिद्दीकनं एकेक वायर काढून तिच्यावर खडूनं आकडा घातला, मग एकेक प्लग सोडवला. टोकं झिजून हरभऱ्यासारखी गोल झाली होती. तिसऱ्या प्लगच्या चिनीमातीचा टवका उडालेला. त्यावर ओळखीसाठी त्यानं पूर्वीच कानशीनं खाच मारून ठेवली होती. नवे प्लग खुर्शिदनं फडक्यावर मांडले होते. पांढरेशुभ्र, नव्या नवरीच्या दातांसारखे. त्यानं ते आधी बोटांनी आट्यात फिरवले, आटे नीट लागल्याची खात्री केली आणि मग पान्यानं पाव फेरा आवळले. हँडल मारलं तशी डॉज एका झटक्यात सुरू झाली. इतका एकसारखा आवाज तिनं कित्येक महिन्यांत काढला नव्हता.

"हे जुने मला दे," मल्हारी म्हणाला. "माझ्या फोर्डला बी ह्येच आटं बसत्यात. अडीनडीला पडतील उपयोगी."

"घे की. कचराच हाय," सिद्दीक म्हणाला. त्या दिवशी तो खूश होता.

गुरुवारी पहाटे फजरची नमाज पढून तो मशिदीतून परतला, चहा घेतला आणि हँडल मारलं. गाडी सुरू व्हायला ते चार वेळा मारावं लागलं. आवाजात काहीतरी खटकत होतं. थंडीनं असेल, पेट्रोलमध्ये पाणी असेल, असं मनाशी म्हणत तो स्टँडवर आला. खुर्शिद दारात उभी राहून बघत होती. "गाडी बरी न्हाई वाटत. आज राहू द्या की," असं ती म्हणाली, पण त्यानं लक्ष दिलं नाही.

स्टँडवर त्यानं नऊ माणसं भरली. पुण्याच्या रस्त्याला गाव मागं पडलं आणि पहिल्याच चढाला डॉज गचके खाऊ लागली. एक मोठा बार झाला, हौद्यातली म्हातारी किंचाळली, आणि गाडी जागेवर उभी राहिली. माणसं उतरली. कुणी हसलं. मागून एसटी येत होती, तिला हात करून सगळी निघून गेली.

सिद्दीकनं बॉनेट उघडलं. सवयीनं त्यानं तिसऱ्या सिलिंडरला हात घातला, तापलेला प्लग फडक्यात धरून सोडवला आणि उजेडात धरला. टवका उडालेली चिनीमाती. कानशीची खाच.

क्षणभर त्याला काहीच कळलं नाही. मग त्यानं बाकीचे पाचही सोडवून पाहिले. सगळे जुने. काल संध्याकाळी ज्याच्या ओंजळीत त्यानं ते टाकले होते, तो एकच माणूस त्याच्या डोळ्यांपुढं उभा राहिला.

प्लग पुन्हा कसेबसे बसवून, चार सिलिंडरवर खोकत खोकत त्यानं गाडी मागं वळवली. स्टँड येईपर्यंत तो स्वतःशीच बोलत होता. घरी बसवलं मी त्याला. चहा पाजला. माझ्या डोळ्यांदेखत जुने घेऊन गेला आणि मी नमाजाला गेल्यावर नवे काढून नेले.

मल्हारी आण्णाच्या चहाच्या दुकानापुढं उकिडवा बसला होता. आण्णा हा स्टँडवरचा सगळ्यात जुना माणूस. ड्रायव्हर लोक त्याला बापाच्या जागी मानत. डॉज परत आलेली बघून मल्हारी उठला आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "गाडी माघारी आणलीस व्हय? लई बरं झालं."

तेवढं पुरे होतं.

"माझे प्लग कुठं हायेत, मल्हाऱ्या?"

मल्हारीची नजर सिद्दीकच्या हातातल्या हँडलवर गेली. "सिद्दीकभाई, आधी बस. बसून बोलू."

"प्लग कुठं हायेत?"

"मला म्हाईत न्हाई."

पहिला घाव नडगीवर बसला. हाड वाजल्याचा आवाज आण्णाला भट्टीपाशी ऐकू आला. मल्हारी गुडघ्यावर आला. त्यानं उलटून हात उचलला नाही, फक्त कोपर डोक्यावर धरलं. दुसरा घाव त्या कोपरावर पडला.

"तुझ्याकडं दिले व्हते का न्हाई जुने?"

"दिले व्हते."

"मग माझ्या गाडीत कुणी घातले?"

मल्हारीनं वर पाहिलं. तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. "मला म्हाईत न्हाई," तो म्हणाला.

तो खोटं बोलतोय हे सिद्दीकला स्पष्ट दिसलं, आणि त्यानंतर त्याला दुसरं काही दिसेनासं झालं. हँडल जबड्यावर बसलं. मल्हारी कुशीवर कोसळला. सिद्दीक त्याच्यावर वाकून मारत राहिला. खांद्यावर, फासळ्यांवर, डोक्यावर. प्रत्येक घावाबरोबर तोच प्रश्न विचारत होता आणि खालून काही उत्तर येत नव्हतं. दोन गडी त्याला मागून धरायला गेले, तर त्यातल्या एकाच्या बोटांवर हँडल बसलं आणि तो हात झटकत मागं फिरला. बाकीचे लांब सरकले. एक जण ओरडला, "अरं, जीव जातोय त्याचा!" पण पुढं कुणी आलं नाही.

शेवटी आण्णानं भट्टीवरचं उकळत्या पाण्याचं पातेलं उचललं आणि सिद्दीकच्या पाठीवर ओतलं.

सिद्दीक जनावरासारखा ओरडला. हँडल हातातून सुटलं. शर्ट पाठीला चिकटला होता आणि त्याखाली कातडी पेटली होती. तो भेलकांडत मागं आला, डॉजच्या मडगार्डला टेकला, आणि तेव्हा कुठं त्याला खाली पडलेला माणूस दिसला. मल्हारीचा डावा डोळा दिसतच नव्हता, तिथं नुसतं रक्त होतं. कानातूनही रक्ताची बारीक धार येत होती. जबडा एका बाजूला लोंबत होता.

आण्णाच्या हातात रिकामं पातेलं तसंच होतं. "त्याची फोर्ड आठ दिस झालं ठोकळ्यावर हाय," तो म्हणाला. "मागला आस पुण्याला गेलाय दुरुस्तीला. मेल्या, तुझे प्लग घालून ती काय उडवणार व्हता का तो?"

फोर्ड समोरच उभी होती, मागची चाकं नसलेली. सिद्दीक ती आठ दिवस रोज बघत होता.

गर्दीतून कुणीतरी आवाज टाकला, "ही जातच अशी." आण्णा गर्रकन वळला. "जातीचं नाव काढू नको. पंधरा दिसांपूर्वी त्यानं हौसरावाचे दात पाडले, तवा तूच वाहवा करत हुबा व्हतास." तो माणूस मागं झाला.

पेठेतला डॉक्टर धावत आला. त्यानं डोळ्याची पापणी वर केली, कानाशी बोट लावलं आणि मान हलवली. डोक्याला आतून मार आहे, माझ्या हातचं काम नाही, आत्ताच्या आत्ता पुण्याला मोठ्या दवाखान्यात न्या, असं तो म्हणाला. एसटी नुकतीच गेलेली, पुढची दोन तासांनी. बाकीच्या गाड्या फेरीवर गेलेल्या; स्टँडवर चालणारी मोटार एकच होती.

"मी नेतो," सिद्दीक म्हणाला. चौघांनी मल्हारीला एका सतरंजीवर घेतलं आणि उचलून हौद्यात ठेवलं. सिद्दीकनं हँडल उचललं. ते हाताला चिकट लागलं. चार वेळा मारल्यावर डॉज सुरू झाली, दोन बार काढले आणि बंद पडली. पुन्हा मारलं. पुन्हा तेच. हँडल उलट फिरून त्याच्या अंगठ्यावर आदळलं आणि नख उपटलं.

"ही रांजणगाव बी गाठायची न्हाई," आण्णा म्हणाला.

त्याच वेळी गर्दी बाजूला झाली. खुर्शिद आली होती, डोक्यावरचा पदर खांद्यावर घसरलेला, पायांत चपला नाहीत. स्टँडवर मारामारी झाल्याचं तिला कुणीतरी सांगितलं होतं. तिनं हौद्यात पाहिलं, तोंडावर हात दाबला, आणि मग सिद्दीकसमोर येऊन हातातलं फडकं उलगडलं. आत सहा प्लग होते. पांढरेशुभ्र.

"मी बदलले," ती म्हणाली. "तुम्ही नमाजाला गेला तवा. जुने मल्हारीभाऊंनी आणून दिले, पर हात माझा हाय."

सिद्दीकचा हात वर गेला. हातात हँडल होतं. त्याला ते ठाऊक होतं की नव्हतं, हे त्यालाही पुढं कधी सांगता आलं नाही.

खुर्शिद मागं सरली नाही. "मारायचं ते मागनं मारा," ती म्हणाली. "आधी वायरी काढा."

हात खाली आला. दोघं बॉनेटवर वाकली. हेड तापलेलं होतं, जुने प्लग फडक्यातूनही चटके देत होते. सिद्दीकच्या उपटलेल्या नखातून रक्त ठिबकून हेडवर चरचरत होतं. नवा प्लग आट्यात धरताना तो रक्तानं बोटांतून निसटत होता, आटे एकमेकांत बसेनात. एकदा प्लग तिरका गेला. जोर लावला असता तर हेडचेच आटे गेले असते. खुर्शिदनं त्याच्या हातातून प्लग काढून घेतला, उलटा अर्धा फेरा फिरवला, टक्कन बसल्याचं बोटाला कळलं तसा सुलटा फिरवला. मग पाना घेतला. पाव फेरा. दुसरा. तिसरा. खडूचे आकडे पुसट झाले होते, पण तिला क्रम पाठ होता. हौद्यातून मल्हारीच्या घशाचा घुरघुर आवाज येत होता आणि तो ऐकत ती एकेक वायर दाबत गेली. सहावी बसली.

सिद्दीकनं हँडल मारलं. पहिल्या झटक्याला डॉज सुरू झाली.

खुर्शिद हौद्यात चढली आणि मल्हारीचं डोकं मांडीवर घेऊन बसली. आण्णानं बयाबाईकडं माणूस धाडला. गाडी निघाली. गाव मागं पडल्यावर पुढच्या आणि मागच्या भागांमधल्या खिडकीतून ती बोलली. आवाज चढवावा लागत होता.

"रांजणगावच्या पुढं मोरीपाशी हौसराव बसलाय. तिघं हायेत. काल रात्री तो बहिणीकडं जेवायला आला व्हता, तिथं त्याच्या तोंडून निघालं. मल्हारीभाऊंनी पहाटं येऊन सांगितलं. दोन्ही हात तोडणार व्हते तुमचे."

"मला का सांगितलं न्हाई?"

तिनं उत्तर दिलं नाही. गाडीच्या आवाजात प्रश्न ऐकू गेला नसेल, असं त्यानं स्वतःला सांगून पाहिलं. तिचा कान खिडकीशीच होता, त्यानं वाजवलेला तोच कान. प्रश्न ऐकू गेला होता.

पुण्याला दुसरा रस्ता नव्हता. रांजणगाव आलं आणि मागं पडलं. मोरीपाशी रस्त्यात आडवी बैलगाडी लावलेली होती, बैल सोडलेले. हौसराव मोरीच्या कठड्यावर बसला होता, मनगटाला फडकं गुंडाळलेलं. सकाळपासून वाट बघून त्याची माणसं कंटाळली होती. डॉज दिसताच तिघंही काठ्या घेऊन उठले. पहिला दगड समोरच्या काचेवर आला आणि काच सिद्दीकच्या तोंडावर फुटली.

त्यानं ब्रेक दाबला. डावा हात आपोआप सीटखाली गेला. हँडल हाताला लागलं, अजून ओलं. त्यानं ते सोडलं, दार उघडलं आणि मोकळ्या हातांनी खाली उतरला.

"हौसराव, आधी ऐक," एवढंच त्याला म्हणता आलं. काठी खांद्यावर बसली, दुसरी भाजलेल्या पाठीवर. पाठीवरची कातडी शर्टाबरोबर सोलली गेली आणि तो ओरडून पालथा पडला. लाथ तोंडावर आली. दातांत माती आणि रक्त एक झालं. मागून खुर्शिद ओरडत होती, पण मारणाऱ्यांच्या कानात काही शिरत नव्हतं. शेवटी तिनं हौद्यातली सुटी फळी उचलून जवळच्या माणसाच्या डोक्यात घातली. तो खाली बसला, बाकीचे थांबले.

"आत मल्हारी हाय!" ती ओरडली. "तुमच्या बहिणीचं कुंकू हाय आत! मरतोय तो!"

हौसराव हौद्यापाशी गेला. बराच वेळ त्यानं आत पाहिलं. वळला तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"कुणी केलं?"

सिद्दीक कोपरावर उठला. खोटं बोलायला हरकत नव्हती; खुर्शिद काही बोलली नसती. "मी," तो म्हणाला.

हौसरावनं गाडीत हात घालून सीटखालचं हँडल काढलं. त्यावर मल्हारीचे केस चिकटलेले होते. त्याच्या माणसांनी सिद्दीकचा उजवा हात ओढून मडगार्डवर आडवा धरला. हौसरावनं एकदाच मारलं, चांगल्या हातानं, मनगटाच्या वर. हात नको तिथं वाकला. सिद्दीकच्या तोंडून आवाज आला तो माणसाचा नव्हता.

"जीव घ्यायला सवड न्हाई मला," हौसराव म्हणाला. त्यानं हँडल मोरीत फेकलं, बैलगाडी बाजूला ढकलायला लावली आणि डॉजच्या जागेवर बसला. गाडीचं इंजिन अजून चालूच होतं.

खुर्शिदनं एकदा रस्त्यावर पडलेल्या नवऱ्याकडं पाहिलं आणि एकदा मांडीवरच्या डोक्याकडं. ती उतरली नाही. डॉज निघाली. सिद्दीक मातीत गाल टेकून ऐकत होता. सहाही सिलिंडर एकसारखे बोलत होते, कुठं खोट नव्हती. चढ आला असावा, हौसरावनं गिअर बदलला, आणि आवाज लांब गेला.

मल्हारी वाचला. अकरा दिवस बेशुद्ध होता. डावा डोळा गेला, जबडा वाकडा जुळला, डाव्या कानानं ऐकू येणं बंद झालं. एका डोळ्यानं मोटार चालवायची सोय राहिली नाही. फोर्ड ठोकळ्यावरच विकली आणि तो वरवंडकडं भावाच्या मेंढरांत परत गेला. सिद्दीकला दोन वर्षं पडली. कोर्टात त्यानं काही नाकारलं नाही. हौसरावचं नावही घेतलं नाही. हात मोटारीखाली सापडला, असं सांगितलं. हाड वाकडं जुळलं आणि उजव्या मुठीत कधी जोर आला नाही. खुर्शिद दौंडला बापाकडं गेली. तुरुंगात ती एकदाच भेटायला आली, बाहेरच्या गोष्टी बोलली आणि गेली.

सुटल्यावर तो आधी वरवंडला उतरला. विचारत विचारत माळावर गेला. बयाबाईनं त्याला लांबून ओळखलं आणि कुत्री सोडली. सिद्दीक पळाला नाही. एका कुत्र्यानं पोटरीचा लचका तोडला तेव्हा मल्हारीनं शीळ घातली आणि कुत्री मागं फिरली.

मल्हारी काठीवर रेलून उभा होता. चांगला डोळा आणि चांगला कान पुढं यावा म्हणून मान कायम तिरकी धरायची त्याला सवय झाली होती.

"बयाबाई," सिद्दीक म्हणाला, "सोडा पुन्हा. मी हितंच हाय."

"कुत्र्यांचं दात खराब व्हतील," ती म्हणाली आणि आत गेली.

मग सिद्दीकनं दोन वर्षं मनात घोळवलेली गोष्ट विचारली. "मी विचारत व्हतो तवा सांगितलं का न्हाईस? तिनं बदलले एवढंच म्हणायचं व्हतंस. मी थांबलो असतो."

मल्हारीचे शब्द वाकड्या जबड्यातून फुटून यायचे, पण कळायचे. "थांबला असतास," तो म्हणाला. "आन् हँडल घेऊन घरी गेला असतास. बाई एकटी व्हती. मी निदान गडी माणूस."

सिद्दीकला वाटलं आपण नाही म्हणावं. पोटरीवर फडकं बांधून तो उतरणीला लागला. वरवंडच्या नाक्यावर दौंडच्या दोन गाड्या त्यानं जाऊ दिल्या. तिसरीत बसला.

दौंडला दारात सुभानचाचा उभे होते. म्हातारे झाले होते, पण हात अजून फिटरचे. "ती म्हणती, शिरूरला येणार न्हाई," ते म्हणाले. "हितं ऱ्हायचं असंल तर ऱ्हा. माझ्या दारात."

सिद्दीक राहिला. स्टेशनपाशी सायकलींचं पंक्चर काढायचं दुकान त्यानं टाकलं, डाव्या हातानं काम शिकला. बाप होता तोवर बापाचं आणि पुढं खुर्शिदचं घर, असं ते घर राहिलं. त्यानं पुन्हा कधी हात उचलला नाही, असं शेजारी सांगत. खुर्शिदला कुणी विचारलं तर ती तसं म्हणत नसे.

"एकदा उचलला व्हता," ती सांगायची. "हितं आल्यावर दोन वर्षांनी असंल. भाकरी करपली व्हती. मी काय बोलले न्हाई, नुसती बघत बसले. लई वेळ तसाच वर धरला व्हता. मग घेतला खाली."